जुलाब थांबले, पहारा उठला नाही

नमस्कार डॉक्टर,
मी ३६ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. आठ महिन्यांपूर्वी पोटात जंतुसंसर्ग झाला. ताप, रक्त पडणारे जुलाब, दोन दिवस सलाईन. शौच तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर निघाला, अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि आठवड्याभरात उठले. पण पोट पूर्वीसारखं झालंच नाही. जेवलं की कळ येते, पोट फुगतं, आठवड्यातले तीन-चार दिवस वर्ग सोडून पळावं लागतं. ताप पुन्हा आला नाही, रक्त दिसलं नाही. वजन दोन किलो उतरलंय, पण मी खाणंच कमी केलंय. रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. भाऊ म्हणतो, त्या आजाराने तुझी प्रतिकारशक्ती खलास केली. मी तर वाचलं होतं की एकदा संसर्ग होऊन गेला की आतडं उलट मजबूत होतं. मग माझं का नाही झालं? एकेक पदार्थ सोडत आता मोजून पाच-सहा गोष्टी खाते. प्रोबायोटिकच्या आणि इम्युनिटी वाढवायच्या गोळ्या चालू आहेत. माझ्या आतड्याचं संरक्षण मोडलंय का? आणि ते पुन्हा उभं करता येतं का?
– वर्गातून पळणाऱ्या बाई

नमस्कार बाई,

आधी भावाचं म्हणणं निकालात काढू. प्रतिकारशक्ती खरोखर खचलेल्या माणसाला एकामागून एक संसर्ग गाठतात. जखमा चिघळतात, तोंडात बुरशी येते, साधी सर्दी छातीत उतरते. तुम्हाला आठ महिन्यांत एकदाही ताप नाही, तेही रोज वर्गभर मुलांच्या शिंका झेलून. तुमच्या आतड्याचा पहारा शाबूत आहे. चोर केव्हाच निघून गेला, पहारेकरी मात्र अजून काठी आपटत फिरतोय आणि घरच्याच माणसांना दारात अडवतोय. ही उपमा मी फार ताणणार नाही, कारण उपमा ताणली की विज्ञान हातचं सुटतं. पण पहारा वाढवायचा की निवू द्यायचा, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिच्यामुळे डोळ्यांपुढे येतो.

आता ते 'रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका'. आम्ही डॉक्टर मंडळी हे वाक्य फार सहज फेकतो. मीही पूर्वी फेकलेलं आहे. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आम्ही जे शोधायला गेलो ते सापडलं नाही, इतकंच. तुमची कळ खोटी आहे असं कुठलाही रिपोर्ट सांगत नाही.

तुम्ही वर्णन करताय त्या त्रासाला नाव आहे: संसर्गोत्तर आयबीएस. आयबीएस म्हणजे दिसायला धड पण वागायला चिडकं आतडं. ते कधी नकळत हळूहळू सुरू होतं, तर कधी तुमच्यासारखं, एका विशिष्ट आजारपणापासून, तारीख सांगता येईल असं. २०१७ साली ४५ अभ्यासांतल्या २१,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. आतड्याचा संसर्ग होऊन गेलेल्या दर दहा माणसांतल्या साधारण एकाला वर्षभरात हा त्रास जडलेला होता. संसर्ग न झालेल्यांपेक्षा हा धोका चौपट. आजार जिआर्डियासारख्या परजीवींमुळे झाला असेल तर दहांतल्या चौघांना. बायकांना जास्त, आजार जोराचा झाला असेल तर जास्त, त्यात अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर जास्त. आधीपासून चिंता किंवा नैराश्य असेल तरीही जास्त. तुमच्या बाबतीत यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी जुळतात. अँटिबायोटिक दिलं ही चूक झाली असं मात्र मी म्हणत नाही. ताप आणि रक्त असताना ते देणं समजण्यासारखं आहे.

हे किती दिवस चालणार, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायचं होतं हे ओळींमधून दिसतंय. त्याचं सर्वांत चांगलं उत्तर एका दुर्घटनेतून मिळालेलं आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं छोटं गाव आहे. मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर तिथल्या नळाच्या पाण्यात शेणातले जंतू उतरले. एक होता ई. कोलायचा विषारी प्रकार, आणि दुसरा तुमच्याकडे निघाला तोच कॅम्पिलोबॅक्टर. २,३०० हून अधिक माणसं आजारी पडली, सात दगावली. संशोधकांनी त्या गावाचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. दोन-तीन वर्षांनी, आजारी पडून गेलेल्यांतल्या २८ टक्के लोकांना आयबीएस होतं. आठ वर्षांनी हा आकडा १५ टक्क्यांवर आला. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांचं निवळलं, पण सावकाश. आणि आठ वर्षांनंतरही हे प्रमाण आजारी न पडलेल्यांच्या जवळपास तिप्पट होतं. ही दुसरी बाजू लपवून तुम्हाला धीर देणं मला बरं वाटत नाही.

जंतू कोणता यावरही पुष्कळ अवलंबून असतं. नॉर्वेतल्या बर्गन शहरात २००४ मध्ये पिण्याच्या पाण्यात जिआर्डिया शिरला. तीन वर्षांनी ४६ टक्के बाधितांना आयबीएस होतं आणि दहा वर्षांनी ४३ टक्क्यांना. बाधा न झालेल्यांत दोन्ही वेळा १४ टक्के. तिथे आकडा जेमतेम हलला. तुमचा जंतू वॉकर्टनच्या बाजूचा आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

बरं, जंतू गेल्यावर आतड्यात मागे उरतं तरी काय? इथून पुढे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नावर फार सुंदर काम झालेलं आहे. आमच्या शिक्षणाच्या वेळी आम्हाला 'आतडं संवेदनशील होतं' एवढ्यावर गप्प बसवलं जायचं.

आतड्याचं अस्तर हे पेशींच्या एकाच थराचं असतं. घड्या उलगडल्या तर साधारण ३० चौरस मीटर भरेल एवढा हा पडदा, आणि दर तीन ते पाच दिवसांनी तो नवा होतो. त्याच्या वर श्लेष्माचा बुळबुळीत थर, त्यात रोज काही ग्रॅम आयजीए नावाची प्रतिपिंडं सोडली जातात. पडद्याखाली रोगप्रतिकारक पेशींची दाटी. एवढी फौज कशासाठी? जंतूंशी लढण्यासाठी, हे उत्तर अर्धंच आहे. आतड्यातून रोज जे जातं त्यातलं बहुतेक सगळं परकं, पण निरुपद्रवी असतं: अन्न आणि आपल्याच आतड्यात वस्तीला असलेले कोट्यवधी जीवाणू. त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करणं, हे या फौजेचं रोजचं आणि जास्त अवघड काम. शास्त्रात त्याला सहनशीलता म्हणतात, आणि ती उपजत मिळत नाही; शिकावी लागते, टिकवावी लागते. संसर्गाच्या धामधुमीत बिघडते ती बहुधा हीच.

बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये हे उंदरांवर दाखवून दिलं. उंदरांच्या आतड्याला एका जीवाणूची बाधा करायची आणि त्याच दिवसांत त्यांना अंड्यातलं एक साधं प्रथिन खायला द्यायचं. काही आठवड्यांत जंतू गेला, सूज ओसरली, सगळं 'नॉर्मल'. मग तेच प्रथिन पुन्हा दिलं, तर उंदरांना जुलाब झाले आणि आतड्याच्या वेदना वाढल्या. ज्या उंदरांना बाधा न होता ते प्रथिन मिळालं होतं, त्यांना काहीच झालं नाही. संसर्गाच्या गोंधळात ताटातलं निरपराध प्रथिनही संशयितांच्या यादीत गेलं होतं. त्याच्याविरुद्ध आयजीई जातीची, म्हणजे ॲलर्जीत दिसणारी, प्रतिपिंडं तयार झाली होती, पण फक्त आतड्याच्या भिंतीत. हीच प्रतिपिंडं तिथल्या मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींवर, जाऊन बसतात. ते प्रथिन पुन्हा आलं की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन नावाचं त्यातलं रसायन बाहेर पडतं आणि वेदनेच्या नसा तापलेल्या राहतात. तापलेल्या नसेला मग साधा वायूचा ताणही कळ म्हणून जाणवतो.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही म्हण रचणाऱ्याला मास्ट पेशी ठाऊक असायचं कारण नाही, पण निदान बिनचूक आहे.

त्याच गटाने मग आयबीएसच्या १२ रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, दुर्बिणीतून, गहू, ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन), सोया आणि दूध यांचे अगदी थोडे अंश अस्तरात टोचून पाहिले. बाराही जणांना निदान एका पदार्थाने तरी तिथल्या तिथे सूज आली. निरोगी आठ जणांतल्या दोघांनाच आली. रुग्णांच्या रक्तात किंवा त्वचेच्या चाचणीत मात्र नेहमीच्या ॲलर्जीचा पत्ता नव्हता. तुमचे रिपोर्ट कोरे का येतात याचा एक संभाव्य खुलासा इथे आहे: भांडण भिंतीच्या आत चालू आहे, रक्तापर्यंत त्याचा आवाजच पोचत नाही. 'संभाव्य' हा शब्द मी मुद्दाम घातलाय. बारा माणसं म्हणजे मूठभर, आणि तुमच्या आतड्यात नेमकं हेच चाललंय असं मला इथे बसून म्हणता येणार नाही.

दुसरं काम अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, यास्मिन बेलकैद यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१५ मध्ये त्यांनी उंदरांना येर्सिनिया नावाच्या जीवाणूची बाधा केली. उंदीर बरे झाले, जंतूचा मागमूस राहिला नाही. पण आतड्यापासून लसीका ग्रंथींकडे जाणाऱ्या नळ्या गळक्या झालेल्या होत्या. आतड्यातली खबर घेऊन ग्रंथीपर्यंत जाणाऱ्या पेशी वाटेतच आजूबाजूच्या चरबीत झिरपत होत्या, आणि हे महिनोन्‌महिने चालू राहिलं. खबर पोचली नाही की नवी सहनशीलता शिकवणंही अडतं. संशोधकांनी याला 'प्रतिकारयंत्रणेवरचा व्रण' म्हटलं. विशेष म्हणजे ही गळती चालू ठेवत होते ते उंदरांचे स्वतःचेच जीवाणू. अँटिबायोटिकने ते कमी केल्यावर बिघाड मागे हटला. हे वाचून कृपया कुणाकडे अँटिबायोटिक मागायला जाऊ नका. प्रयोगशाळेतल्या उंदराला उद्या वर्ग घ्यायचा नसतो, आणि त्याच औषधाने माणसाच्या आतड्यात दुसरं काय काय बिघडतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

त्याच प्रयोगशाळेने आधी, २०१२ मध्ये, आणखी एक गोष्ट दाखवली होती. संसर्गाच्या वेळी पडदा फाटतो तेव्हा शरीर फक्त शत्रूची ओळख लक्षात ठेवत नाही. त्या गर्दीत सापडलेल्या स्वतःच्या जीवाणूंविरुद्धही स्मृतिपेशी तयार होतात, आणि त्या दीर्घकाळ टिकतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. संसर्गाने आतडं मजबूत होतं हे तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. मेक्सिकोतल्या बाळांचा जन्मापासून पाठपुरावा करून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोटाव्हायरस या लहान मुलांना जुलाब करणाऱ्या विषाणूची एक बाधा होऊन गेली की पुढच्या रोटाव्हायरस जुलाबांपासून ७७ टक्के संरक्षण मिळालं, दोन बाधांनंतर ८३ आणि तीन बाधांनंतर ९२ टक्के. त्या विषाणूवरची तोंडावाटे द्यायची लस याच तत्त्वावर उभी आहे. बेलकैद यांच्याच गटाने २०२१ मध्ये दाखवलं की एकदा बाधा होऊन गेलेल्या उंदरांचे आतड्यातले जीवाणूसुद्धा 'शिकतात'. बाधेनंतर पित्तातून टॉरिन नावाचं द्रव्य जास्त येतं, ते वापरणारे जीवाणू वाढतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पुढच्या घुसखोर जंतूचा श्वास कोंडतो. आणि सर्वांत नवलाचं काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातलं: संसर्गात आतड्याच्या भिंतीतल्या काही चेतापेशी मरतात, पण एकदा असा मार खाल्लेल्या उंदरांत, पुढच्या वेगळ्या जंतूच्या बाधेत चेतापेशी वाचतात. त्यांना वाचवणाऱ्या पेशी असतात भिंतीतल्या मॅक्रोफेज, ज्या एरवी जंतू गिळण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

मग तुमचं का नाही झालं? बाई, कदाचित झालंही असेल. तोच कॅम्पिलोबॅक्टर उद्या पुन्हा आला तर तुमचं आतडं त्याला आधीपेक्षा बरं तोंड देईल अशी बरीच शक्यता आहे. पण जंतूपासून संरक्षण हे एक खातं आणि जेवल्यावर पोटाला वाटणारी स्वस्थता हे दुसरं. एकात जमा होताना दुसऱ्यातून वजा होऊ शकतं. एकच आजार दोन्ही करतो, म्हणूनच तुम्हाला परस्परविरुद्ध वाटणाऱ्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत.

आता करायचं काय.

पहिल्यांदा इम्युनिटीच्या गोळ्या बंद करा. आतड्याची प्रतिकारशक्ती 'वाढवते' असं दाखवून दिलेली गोळी अस्तित्वात नाही, आणि असती तरी तुम्हाला ती मी दिली नसती. जागा झालेला पहारेकरी आणखी जागा करून काय साधणार? प्रोबायोटिकही, म्हणजे जिवंत जीवाणूंची गोळीही, थांबवली तर चालेल. त्याने काही रुग्णांना बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही घेताय आणि तुम्हाला वाटलेलं नाही. शिवाय इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळचे जीवाणू परत यायला काहीही न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. भाडेकरू इतके ऐसपैस बसले की घरमालकाला दार उघडेना.

दुसरं, दोन-तीन तपासण्या झाल्या आहेत का ते कागद काढून बघा. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन: ते कमी असेल तर आतड्याला खरी सूज असण्याची, म्हणजे क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आजाराची शक्यता फार कमी होते. सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारासाठी, रक्ताची चाचणी, कारण संसर्गानंतर हा आजार कधी कधी उघडा पडतो. आणि ही चाचणी गहू खात असतानाच करायची असते. तुम्ही गहू सोडला असेल तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. पाण्यासारखे जुलाब जास्त असतील तर पित्तक्षारांमुळे होणाऱ्या जुलाबांबद्दल विचारा; संसर्गानंतर तेही होतात, आणि त्यावर वेगळं औषध आहे. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, ताप, रक्त कमी होणं, किंवा खाणं वाढवल्यावरही वजन उतरत राहणं, यातलं काहीही दिसलं तर माझं हे उत्तर बाजूला ठेवून सरळ पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि कोलोनोस्कोपीबद्दल बोला. तुमचे ते दोन किलो मला आज फार काळजीचे वाटत नाहीत, पण ते परत आलेले पाहायला मला आवडेल.

एक चाचणी मात्र करू नका: शंभर-दोनशे पदार्थांची यादी देऊन 'तुम्हाला हे हे चालत नाही' सांगणारी आयजीजी चाचणी. आयजीजी हे आणखी एका जातीचं प्रतिपिंड, आणि ते बहुधा तुम्ही तो पदार्थ खाल्लेला आहे एवढंच सांगतं. ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

तिसरं, खाणं. माझं सगळ्यांत जास्त दुमत तुमच्याशी इथे आहे. ल्यूवेनचा प्रयोग वाचून तुम्ही म्हणाल, बघा, मी पदार्थ सोडले ते बरोबरच होतं. एक-दोन पदार्थ खरोखर बाधत असतील, मान्य. पण तुम्ही सोडलेत ते भीतीने, एका वाईट दिवसाच्या पुराव्यावर. पाच-सहा पदार्थांवर आलेल्या माणसाच्या ताटातून आधी तंतुमय भाग जातो, आणि तिथे दुसराच घोळ सुरू होतो. २०१६ च्या एका प्रयोगात, तंतू न मिळालेल्या उंदरांच्या आतड्यातले जीवाणू उपाशी राहून अस्तरावरचा श्लेष्माच खाऊ लागले. तो थर पातळ झाला, आणि ल्यूवेनच्याच प्रयोगात वापरलेल्या जंतूने त्यांना जास्त जबर गाठलं. पडदा सांभाळायला म्हणून तुम्ही जे करताय ते पडद्याच्याच मुळावर येऊ शकतं.

म्हणून पदार्थ परत आणायचे. एका वेळी एकच, लहान प्रमाणात, तीन दिवस सलग, आणि वहीत नोंद: काय, किती, कळ किती वेळाने, झोप कशी होती, पाळी कुठे होती. तीन दिवसांत दोनदा तरी ठळक त्रास झाला तर तो पदार्थ सध्या बाजूला. आयुष्यभरासाठी नव्हे, तीन महिन्यांसाठी. त्यानंतर त्याला पुन्हा संधी द्यायची. दुधाचं थोडं वेगळं आहे. संसर्गात आतड्याच्या अस्तरावरच्या केसांसारख्या लवांची टोकं झडतात आणि दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तिथेच असतं. पण टोकं काही आठवड्यांत वाढतात, त्यामुळे आठ महिन्यांपूर्वी बाधलेलं दूध आज बाधेलच असं नाही. यातलं काही जमलं नाही तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चार ते सहा आठवडे लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणाऱ्या साखरा कमी असलेला आहार, करून पाहता येतो. त्याचा महत्त्वाचा भाग पदार्थ परत आणण्याचा असतो आणि लोक नेमके तिथपर्यंत पोचत नाहीत, म्हणून तो एकटीने करू नका.

औषधांचं थोडक्यात सांगतो. कळ आणि मुरड्यासाठी आतडं सैल करणारी औषधं, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, धावपळीच्या दिवसासाठी जुलाब आवरणारं लोपेरमाइड, हे सगळं डॉक्टरांशी बोलून घेता येतं. अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं जुनं औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर तुम्ही 'हे तर डिप्रेशनचं' म्हणून घाबराल, पण ते इथे आतड्याच्या नसा शांत करायला वापरतात. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या २०२३ च्या चाचणीत ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं. हिस्टामिनची गोष्ट वाचून ॲलर्जीची गोळी सुरू करायचा मोह होईल. ल्यूवेनच्याच मंडळींनी एबॅस्टिन या ॲलर्जीवरच्या औषधाने आयबीएसवर चाचण्या केल्या आहेत. छोट्या चाचणीत आशा वाटली, मोठीत फायदा बेताचाच निघाला. रांगेत हा उपाय बराच मागे आहे.

आणि टेन्शन? त्या डॉक्टरांचं वाक्य अर्धं बरोबर होतं, बोलायची तऱ्हा चुकली. आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी आणि प्रतिकारपेशी एकमेकींशी सतत बोलत असतात. मघाच्या रॉकफेलरच्या कामात तर चेतापेशींना वाचवणाऱ्या मॅक्रोफेजना जागं करणारा निरोप नसांमधूनच आला होता. मनाचा आतड्यावर परिणाम होतो म्हणजे त्रास मनाचा आहे, असं होत नाही. तुमच्याबाबतीत मला चिंता दिसते ती एका ठरावीक गोष्टीची: वर्गात अडकण्याची. त्यावर उपायही ठरावीकच असावा. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना विश्वासात घ्या, पाच मिनिटं दोन्ही वर्गांवर नजर ठेवायचं ठरवून टाका, आणि शक्य असेल तर सकाळचा पहिला तास बदलून मागा. दाराची वाट मोकळी आहे हे माहीत असलं की बऱ्याच जणांना तिकडे जावंच लागत नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातल्या संबंधावर काम करणारी वर्तनोपचाराची पद्धतही आहे, आयबीएससाठी तिचा चांगला उपयोग दिसलेला आहे, पण ती मी दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवतो.

पुन्हा कधी पोट बिघडलं तर पहिल्या दिवशी ओआरएस, अँटिबायोटिक नव्हे. ताप, रक्त किंवा ग्लानी असेल तरच डॉक्टरांकडे, आणि तिथे गेल्यावर 'मला एकदा कॅम्पिलोबॅक्टर होऊन पुढे आयबीएस झालंय' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आठ आठवड्यांनी वहीसह मला पुन्हा लिहा. सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, घरी असताना. पहिला पदार्थ कोणता आणायचा ते मी सांगणार नाही. सर्वांत कमी त्रास देईल असा निवडायचा तुमचा कल असेल. त्याऐवजी या आठ महिन्यांत ज्याची सर्वांत जास्त आठवण आली तो निवडा, आणि अर्धी वाटीच घ्या.